कॉम्प्युटर नवा घेतला आणि शेअर केलेला फोल्डर गायब झाला! 'एसएमबी १' बंद होण्याचं प्रकरण नेमकं काय आहे?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला. त्याच्या आधीपासून आणि त्यानंतरही छोट्या ऑफिसांमधून जुने कॉम्प्युटर निघतायत आणि विंडोज ११ वाले नवे येतायत. सीएचं ऑफिस असो, पतसंस्था असो, प्रिंटिंग प्रेस असो नाहीतर पॅथॉलॉजी लॅब, सगळीकडे एक तक्रार मात्र सारखीच ऐकू येते. इंटरनेट चालतंय, प्रिंटही निघतेय, पण काल-परवापर्यंत उघडणारा शेअर्ड फोल्डर उघडत नाही. झेरॉक्स मशीनवर स्कॅन केलेला कागद कॉम्प्युटरमध्ये येत नाही. कोपऱ्यातल्या जुन्या नेटवर्क हार्डडिस्कवर दहा वर्षांचा डेटा आहे आणि नवा कॉम्प्युटर म्हणतो, अशी कुठली डिस्कच दिसत नाही.

मग कुणीतरी ओळखीच्या टेक्निशियनला बोलावतं. तो येतो, एका जागी टिक मारतो, कॉम्प्युटर रीस्टार्ट करतो आणि पाच मिनिटांत सगळं सुरू! सगळे खूश. पण त्या एका टिकने नेमकं काय सुरू झालं, हे कुणी विचारत नाही.

बहुतेक वेळा जे सुरू होतं, त्याचं नाव 'एसएमबी १'. हे काय आहे, ते बंद का केलं, ते परत सुरू केलं तर काय होऊ शकतं आणि ते सुरू न करता फाईल शेअरिंग कसं चालवायचं, तेच आज समजून घेऊ.

एसएमबी म्हणजे काय रे भाऊ?

एका कॉम्प्युटरमधली फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून उघडायची तर दोघांना एकमेकांची भाषा कळायला हवी. "हा फोल्डर दाखव", "ही फाईल मला दे", "ही फाईल मी उघडलीय, आता दुसऱ्याला त्यात बदल करू देऊ नकोस" असं बरंच बोलणं दोघांत चालतं. या भाषेचं, म्हणजे प्रोटोकॉलचं नाव आहे सर्व्हर मेसेज ब्लॉक, थोडक्यात एसएमबी.

ही भाषा १९८० च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाऊम यांनी तयार केली. पुढे मायक्रोसॉफ्टने ती उचलली, वाढवली आणि विंडोजमध्ये घातली. तेव्हा नेटवर्क म्हणजे एकाच ऑफिसातले, एकमेकांच्या ओळखीतले दहा-वीस कॉम्प्युटर. बाहेरून कुणी चोर येईल ही भीतीच नव्हती. घराला कडी होती, कुलूप नव्हतं, असं म्हणा ना.

नंतर काळ बदलला आणि भाषाही बदलली. २००६ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर एसएमबी २ आलं. पहिल्या आवृत्तीत शंभराच्या वर कमांड होत्या, दुसरीत त्या १९ वर आणल्या. त्यामुळे काम वेगवान झालं. २०१२ मध्ये विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ बरोबर एसएमबी ३ आलं. त्यात फाईल जाता-येता सांकेतिक रूपात, म्हणजे एन्क्रिप्ट करून पाठवायची सोय झाली. एसएमबी १ मध्ये ही सोय मुळातच नाही.

पण नवी आवृत्ती आली म्हणून जुनी गेली नाही. जुन्या मशीनशी बोलता यावं म्हणून विंडोज एसएमबी १ सुद्धा बरोबर घेऊन फिरत राहिलं. सप्टेंबर २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टमधले नेड पाइल यांनी जाहीरपणे लिहिलं की एसएमबी १ वापरणं थांबवा. फार कमी लोकांनी ते मनावर घेतलं.

आठ महिन्यांनी साऱ्या जगाला ते मनावर घ्यावं लागलं.

२०१७ मध्ये काय घडलं होतं?

अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने एसएमबी १ मधली एक फट शोधून ठेवली होती. त्या फटीतून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये घुसायचं एक हत्यार तयार केलं होतं, त्याचं नाव इटर्नलब्लू. ही फट त्यांनी बराच काळ स्वतःपाशीच ठेवली. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला ती बुजवणारं अपडेट दिलं. १४ एप्रिलला 'शॅडो ब्रोकर्स' नावाच्या टोळीने ते हत्यार इंटरनेटवर उघड्यावर टाकलं. आणि १२ मे २०१७, शुक्रवारी वॉनाक्राय आला.

वॉनाक्रायची गंमत, खरं तर भीती, अशी होती की त्याला कुणी फसव्या लिंकवर क्लिक करायची गरज नव्हती. नेटवर्कमधला एक कॉम्प्युटर बाधित झाला की तो शेजारच्या कॉम्प्युटरचं दार स्वतःच ठोठवायचा. अपडेट घेतलेलं नसलं आणि एसएमबी १ सुरू असलं की आत शिरायचा, फायली कुलूपबंद करायचा आणि ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये मागायचा. युरोपोलच्या अंदाजानुसार १५० देशांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर यात सापडले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला मोठा फटका बसला. इंग्लंडमधल्या जवळपास एक तृतीयांश हॉस्पिटल ट्रस्टचं काम विस्कळीत झालं आणि अंदाजे १९ हजारांवर अपॉइंटमेंट रद्द झाल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही कॉम्प्युटर बाधित झाले. शेवटी मार्कस हचिन्स या तरुण संशोधकाला व्हायरसच्या कोडमध्ये लपलेला एक वेब पत्ता दिसला. तो त्याने स्वतःच्या नावावर नोंदवला आणि प्रसार रोखला गेला.

दीड महिन्याने, २७ जून २०१७ ला नॉटपेट्या आला. तो युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. पुढे नेटवर्कमध्ये फिरायला त्याने जे मार्ग वापरले त्यात इटर्नलब्लू होतं. जगातली बडी जहाज कंपनी मर्स्क त्यात अडकली. त्यांना ४५ हजार कॉम्प्युटर आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. याची झळ थेट नवी मुंबईपर्यंत आली. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल मर्स्क समूहाची कंपनी चालवते. तिथली यंत्रणा ठप्प झाली आणि कंटेनरची ये-जा रखडली.

म्हणजे एसएमबी १ चा धोका फक्त पुस्तकातला नाही. महाराष्ट्राच्या दाराशी तो एकदा येऊन गेलाय.

मग मायक्रोसॉफ्टने काय केलं?

एकदम तोडून टाकलं नाही, टप्प्याटप्प्याने काढलं.

ऑक्टोबर २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून एसएमबी १ आपोआप मिळणं बंद व्हायला लागलं. होम आणि प्रो आवृत्तीत त्याचा एक भाग राहिला होता, पण तो १५ दिवस वापरलाच नाही तर विंडोज स्वतःच काढून टाकायचं. पुढे तोही भाग जात गेला. आज नव्या विंडोज ११ कॉम्प्युटरवर एसएमबी १ बंदच असतं. मुद्दाम शोधून सुरू करावं लागतं.

दुसरा टप्पा ऑक्टोबर २०२४ चा. विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटने आणखी दोन नियम कडक केले. पहिला नियम असा की प्रो आणि त्यावरच्या आवृत्तींत प्रत्येक एसएमबी संदेशावर डिजिटल सही हवी. वाटेत कुणी बदल केला तर तो सहीवरून पकडला जातो. दुसरा नियम असा की प्रो आवृत्तीतही आता पासवर्डशिवाय 'गेस्ट' म्हणून दुसऱ्या मशीनमधल्या फोल्डरमध्ये शिरता येत नाही. मोठ्या कंपन्यांच्या आवृत्तीत हा नियम आधीपासून होता.

इथेच घोळ होतो. फोल्डर उघडला नाही की लोक म्हणतात, "एसएमबी १ बंद आहे, ते सुरू करा." पण अडचण अनेकदा सहीची असते, गेस्टची असते किंवा साध्या पासवर्डची असते. डोकं दुखतंय म्हणून पोटाचं औषध घेतल्यासारखं होतं. औषध लागू पडत नाही, वर त्याचा त्रास मात्र होतो.

आधी एक गैरसमज काढून टाका

"आमच्याकडे एक जुना विंडोज ७ आहे, म्हणून एसएमबी १ लागतंच" असं बरेच जण सांगतात. हे खरं नाही. विंडोज ७ ला एसएमबी २ ची सुधारित आवृत्ती येते. विंडोज ७ आणि विंडोज ११ एसएमबी १ शिवाय एकमेकांशी बोलू शकतात.

ज्यांना फक्त एसएमबी १ च येतं, अशी मंडळी कोण? विंडोज एक्सपी, विंडोज सर्व्हर २००३, दहा-बारा वर्षांपूर्वीची बरीच कॉपियर-स्कॅनर मशीन, जुन्या नेटवर्क हार्डडिस्क, मागे पेनड्राइव्ह लावून शेअर करता येणारे काही जुने राउटर आणि काही जुने मीडिया प्लेअर. तुमच्याकडे यातलं काहीच नसेल तर तुमची अडचण एसएमबी १ ची नाही. दुसरीकडे शोधा.

दोष कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

पायरीपायरीने जाऊ. एक पायरी तपासल्याशिवाय पुढची घेऊ नका, नाहीतर कशाने काय दुरुस्त झालं हे कळणारच नाही.

पहिली पायरी : स्क्रीनवरचा मेसेज वाचा. आपण तो न वाचताच बंद करतो. पण विंडोज इथे बऱ्यापैकी स्पष्ट बोलतं. मेसेजमध्ये 'ऑब्सोलीट एसएमबी १ प्रोटोकॉल' असे शब्द असतील तर समोरचं मशीन खरंच जुनं आहे. 'अनऑथेंटिकेटेड गेस्ट अॅक्सेस' ब्लॉक केल्याचं लिहिलं असेल तर प्रश्न पासवर्ड नसण्याचा आहे. 'क्रिप्टोग्राफिक सिग्नेचर'बद्दल तक्रार असेल तर अडचण सहीची आहे. नुसतं 'नेटवर्क पाथ सापडला नाही' असं असेल तर रस्ताच सापडत नाहीये, पुढची पायरी बघा.

दुसरी पायरी : नावाने नाही, थेट पत्त्याने जा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. जी छोटी चौकट उघडेल तिच्यात दोन उलट्या तिरक्या रेषा आणि पुढे समोरच्या मशीनचा आयपी पत्ता टाका, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. फोल्डर उघडला? मग शेअरिंग व्यवस्थित चालू आहे, फक्त समोरच्या मशीनचं नाव दिसत नाहीये. हा फरक फार महत्त्वाचा आहे.

कारण 'नेटवर्क'वर क्लिक केल्यावर दिसणारी कॉम्प्युटरची यादी आधी एसएमबी १ च्या आधारावरच तयार व्हायची. एसएमबी १ गेलं तशी ती यादी तयार करणारी जुनी सर्व्हिसही गेली. फोल्डर जागच्या जागी आहे, पण गावच्या वेशीवरची पाटी काढून टाकलीय.

तिसरी पायरी : पाटी पुन्हा लावा. विंडोजच्या 'सर्व्हिसेस'मध्ये 'फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट' आणि 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' या दोन सर्व्हिस शोधा. दोन्ही सुरू करा आणि त्यांचा प्रकार 'ऑटोमॅटिक' ठेवा. ज्या कॉम्प्युटरचं नाव दिसायला हवं, त्या प्रत्येकावर हे करावं लागतं. किंवा त्याहून सोपं म्हणजे फोल्डरला थेट पत्त्याने 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' करून टाका. मग यादीची गरजच उरत नाही.

चौथी पायरी : नेटवर्क 'पब्लिक' आहे की 'प्रायव्हेट'? नवा कॉम्प्युटर बहुतेकदा ऑफिसच्या नेटवर्कलाही 'पब्लिक' धरतो, म्हणजे रेल्वे स्टेशनवरच्या वायफायसारखं परकं. तशा नेटवर्कवर फाईल शेअरिंग बंद असतं. सेटिंग्जमध्ये जाऊन ऑफिसचं नेटवर्क 'प्रायव्हेट' करा. मग 'अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाईल अँड प्रिंटर शेअरिंग' सुरू आहे का बघा. हे फक्त घरच्या आणि ऑफिसच्या नेटवर्कसाठी. कॅफेत, लॉजवर करू नका.

पाचवी पायरी : युजरनेम आणि पासवर्ड. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. रोज तुम्ही चार आकडी पिन टाकून लॉगिन करता. पण नेटवर्कवरून फोल्डर उघडताना पिन चालत नाही, खरा पासवर्ड लागतो. कॉम्प्युटर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केलेला असेल तर युजरनेम म्हणून ईमेल आणि त्याच अकाउंटचा पासवर्ड लागतो. तो बहुतेकांना आठवत नाही. आणि अकाउंटला पासवर्डच ठेवलेला नसेल तर विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही.

यावरचा चांगला उपाय म्हणजे फायली ज्या कॉम्प्युटरवर आहेत, त्यावर शेअरिंगसाठी एक वेगळं साधं लोकल अकाउंट उघडा. त्याला पक्का पासवर्ड द्या आणि हव्या त्या फोल्डरचीच परवानगी द्या. परवानगी दोन ठिकाणी द्यावी लागते, 'शेअरिंग'मध्ये आणि 'सिक्युरिटी'मध्ये. एका ठिकाणी दिली आणि दुसऱ्या ठिकाणी राहिली तर फोल्डर दिसतो पण उघडत नाही. शिवाय जुना चुकीचा पासवर्ड 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये अडकून बसलेला असतो, तो काढून टाका.

सहावी पायरी : पत्ता बदललाय का? स्कॅनरमध्ये कॉम्प्युटरचा आयपी पत्ता किंवा नाव भरून ठेवलेलं असतं. नव्या कॉम्प्युटरचं नाव वेगळं असतं आणि राउटर रीस्टार्ट झाला की पत्ताही बदलू शकतो. स्कॅनर बिचारा जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो. राउटरमध्ये त्या कॉम्प्युटरसाठी पत्ता कायमचा राखून ठेवला की हा त्रास थांबतो.

या सहा पायऱ्यांत बरीच प्रकरणं सुटतात, आणि एसएमबी १ ला हातही लावावा लागत नाही.

पण मशीन खरंच जुनं असेल तर?

नेटवर्क हार्डडिस्क असेल तर आधी तिच्या सेटिंगमध्ये जा. सिनॉलॉजी, क्यूनॅप यांसारख्या कंपन्यांच्या डिस्कमध्ये एसएमबीची कमाल आणि किमान आवृत्ती निवडता येते. अनेक डिस्कना एसएमबी २ किंवा ३ येत असतं, फक्त कुणी ते निवडलेलं नसतं. पर्याय दिसतच नसेल तर कंपनीच्या साइटवरून डिस्कचं फर्मवेअर अपडेट करा. अर्थात त्याआधी डेटाची कॉपी दुसरीकडे घ्या.

यातल्या बऱ्याचशा डिस्क आतून लिनक्सवर चालतात आणि साम्बा हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. साम्बानेही २०१९ च्या आवृत्तीपासून एसएमबी १ आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली. म्हणजे हा निव्वळ मायक्रोसॉफ्टचा हट्ट नाही.

झेरॉक्स-स्कॅनर मशीनसाठीही पहिला उपाय फर्मवेअरचाच. ते काम कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरकडून होतं. वार्षिक करार असेल तर त्याला स्पष्ट शब्दांत विचारा, "मशीनला एसएमबी २ चा सपोर्ट मिळेल का?" नाही म्हणाला तर पर्याय आहेत. स्कॅन ईमेलवर पाठवा, मशीनला पेनड्राइव्ह लावून घ्या, किंवा मशीनला एफटीपी येत असेल तर ऑफिसच्या नेटवर्कपुरतं ते वापरा. एफटीपीसुद्धा जुनंच आहे आणि त्यात पासवर्ड उघडा जातो. म्हणून त्याच्यासाठी वेगळं अकाउंट आणि एकच फोल्डर ठेवा.

जुनी डिस्क काही केल्या नवी भाषा शिकत नसेल तर तिच्यावरचा डेटा एकदा काढून घ्या आणि तिला निवृत्त करा. इतकी वर्षं चाललेल्या डिस्कवर एकमेव कॉपी ठेवणं हा वेगळा धोका आहेच.

"तात्पुरतं सुरू केलं तर काय बिघडतं?"

हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही नीट समजून घेऊ.

विंडोजच्या 'फीचर्स'च्या यादीत एसएमबी १ चे क्लायंट आणि सर्व्हर हे भाग वेगवेगळे दिसतात. क्लायंट सुरू केला तर तुमचा कॉम्प्युटर जुन्या मशीनकडे जाऊन फाईल मागू शकतो. सर्व्हर सुरू केला तर बाकीची मशीन तुमच्या कॉम्प्युटरच्या दारात येऊन एसएमबी १ मध्ये बोलू शकतात. वॉनाक्राय याच दारातून शिरला होता.

जुन्या डिस्कवरून डेटा काढायला फक्त क्लायंट पुरतो. पण घाईत लोक मुख्य चौकोनावर टिक मारतात आणि दोन्ही भाग सुरू होतात. स्कॅनरकडून कॉम्प्युटरवर फाईल यायची असेल तर मात्र सर्व्हर भागच लागतो, म्हणून ते जास्त धोक्याचं.

"पण ती फट तर २०१७ मध्येच बुजवली ना?" हो, ती एक फट बुजवली. अपडेट घेतलेल्या कॉम्प्युटरवर वॉनाक्राय तसाच्या तसा चालणार नाही. पण एसएमबी १ मध्ये एन्क्रिप्शन नाही, त्याची सही जुन्या आणि कमकुवत पद्धतीची आहे आणि वाटेत बसलेला माणूस बोलण्यात ढवळाढवळ करू शकतो. हे दोष अपडेटने जाणारे नाहीत. ते घराच्या पायातलेच आहेत.

आणि 'तात्पुरतं' हा शब्द ऑफिसात फार लांब चालतो. डेटा काढायला म्हणून सुरू केलेली गोष्ट काम झाल्यावर बंद करायची कुणाच्या लक्षात राहत नाही. दोन वर्षांनी टेक्निशियन बदलतो आणि ती सुरू आहे हेच कुणाला माहीत नसतं.

नाइलाजच असेल तर एवढं तरी पाळा. फक्त क्लायंट सुरू करा. एकाच कॉम्प्युटरवर करा आणि तो रोजच्या ईमेलचा, बँकिंगचा कॉम्प्युटर नसावा. विंडोज पूर्ण अपडेटेड ठेवा. राउटरमध्ये ४४५ आणि १३९ हे पोर्ट बाहेरच्या जगासाठी कधीही उघडू नका. काम झालं की त्याच दिवशी टिक काढा आणि रीस्टार्ट करा. हे नंतर तपासायचं तर टेक्निशियनला सांगा, पॉवरशेलमध्ये एसएमबी कनेक्शनची यादी काढायला. त्यात 'डायलेक्ट' नावाच्या रकान्यात कुठल्या आवृत्तीत बोलणं चाललंय तो आकडा दिसतो. तिथे १ ने सुरू होणारा आकडा दिसला तर जुनं मशीन अजून लटकलेलं आहे.

गेस्ट आणि सहीच्या बाबतीतही तेच. हे दोन्ही नियम सैल करायची सोय विंडोजमध्ये आहे आणि यूट्यूबवर त्याचे भरपूर व्हिडिओ आहेत. पण गेस्टचा नियम सैल करण्यापेक्षा समोरच्या डिस्कवर युजरनेम-पासवर्ड तयार करायला दहाच मिनिटं लागतात. आणि त्याने बऱ्याचदा सहीचाही प्रश्न सुटतो, कारण गेस्टला सही करताच येत नाही. ज्याची ओळखच नाही, तो सही कसली करणार?

मग यात चूक कुणाची?

मायक्रोसॉफ्टची बाजू समजण्यासारखी आहे. ज्या दारातून जगभरचं नुकसान झालं, ते दार कायम उघडं ठेवा असं कुणी म्हणणार नाही. शिवाय सूचना, मेसेज, टप्पे यांत बरीच वर्षं गेली.

पण छोट्या ऑफिसच्या मालकाची बाजूही तितकीच खरी आहे. लाखभर रुपये देऊन घेतलेलं कॉपियर मशीन अजून स्वच्छ झेरॉक्स काढतं. त्याचा रोलर ठीक आहे, टोनर मिळतो, बिघाड काही नाही. आत बसवलेलं सॉफ्टवेअर जुनं झालं एवढ्यासाठी ते भंगारात घालायचं? मशीनचं लोखंड पंधरा वर्षं टिकतं, पण त्यातल्या सॉफ्टवेअरचं अपडेट कंपनी काही वर्षांतच थांबवते. विकताना ही तारीख कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. किमती मोजतो, मिनिटाला किती पानं हे मोजतो, पण "सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं मिळेल?" हा प्रश्न कोटेशन मागताना निघत नाही. फोन घेताना आता आपण तो विचारायला शिकलोय. मशीन घेतानाही विचारायला हवा.

तिसरी बाजू टेक्निशियनची. त्याला व्हिजिटचे पैसे 'चालू करून दिलं' यासाठी मिळतात. 'सुरक्षित करून दिलं' यासाठी वेगळे पैसे कुणी देत नाही. मग तो सगळ्यात जवळचा रस्ता घेतो. त्याला दोष देण्याआधी काम सांगतानाच सांगा, "एसएमबी १ सुरू न करता करून द्या, वेळ लागला तरी चालेल."

तुम्ही आज काय करू शकता?

ऑफिसातल्या ज्या कॉम्प्युटरवर टॅलीचा डेटा, पेशंटचे रिपोर्ट किंवा खातेदारांची माहिती आहे, तो उघडा. कंट्रोल पॅनेलमध्ये 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' शोधा. यादीत 'एसएमबी १.०' ने सुरू होणारी ओळ बघा. टिक नसेल तर उत्तम. टिक असेल तर कुणी आणि कशासाठी मारली ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर ऑफिस सुटल्यावर काढून बघा. सकाळी काही बंद पडलं तर वरच्या सहा पायऱ्या आहेतच, आणि निदान कुठलं मशीन जुनं आहे ते तरी कळेल.

आणि त्याहून आधी डेटाची एक कॉपी अशा डिस्कवर घ्या, जी कॉपी झाल्यावर नेटवर्कपासून काढून कपाटात ठेवता येईल. असा व्हायरस आत आला की जोडलेली प्रत्येक डिस्क त्याच्या हाताला लागू शकते. कपाटातली डिस्क मात्र लागत नाही.